विकर, वितंचक की सरळ पंप?

अनुवादवाली: शाळकरी मुलांसाठी एक मजकूर मराठीत करतेय. उंदराचा साडेतीन दिवसांचा भ्रूण, त्याच्या बाहेरच्या पेशींच्या पटलात (मेम्ब्रेनमध्ये) सोडियम-पोटॅशियम एटीपेझ नावाचं प्रथिन असतं. मुळात त्याला कधी एन्झाइम म्हटलंय, कधी पंप. एन्झाइमला मी 'विकर' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'वितंचक' केलं. काय ठेवू?

ताकपिठं: विकर. पाठ्यपुस्तकात तोच आहे, मुलांना तोच कळणार.

जुनी वही: संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण, वितंचक त्याच धातूचा. एन्झाइममध्येही ग्रीक खमीरच आहे. इतका नेमका शब्द टाकवत नाही. आणि 'विकर'चं म्हणाल तर नातवाच्या पुस्तकात तो वाचून आमच्या आईने विचारलं होतं, "पोटात एवढे विकार?"

ताकपिठं: पण इथे विरजण कुठे लागतंय? हे प्रथिन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) फोडतं, म्हणून एन्झाइम. त्या जोरावर ३ सोडियम आयन पेशीबाहेर ढकलतं नि २ पोटॅशियम आत ओढतं, म्हणून पंप. येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञांना १९५७ साली ते सापडलं खेकड्याच्या चेतातंतूंत. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

कोशिंबीर: काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं सांगा ना. भ्रूणाच्या आत पोकळी असते; तिच्याकडच्या पटलातून सोडियम पोकळीत जातं, मागोमाग पाणी, आणि भ्रूण फुगतो. ओउबेन घातलं (आफ्रिकेत बाणांना लावायचे ते विष) की पंप अडतो, फुगणं रखडतं. बाकी ते 'पटल' मला खटकतं. पटलावर विधेयकं ठेवतात. पडदा म्हणा!

ताकपिठं: पडदा नाटकाचा.

जुनी वही: भागवताच्या तिसऱ्या स्कंधात गर्भाबद्दल 'पञ्चरात्रेण बुद्बुदम्' आहे, म्हणजे पाच रात्रींत बुडबुडा. माणसाचा भ्रूणही पाचव्या दिवसाच्या सुमारास असाच पोकळ होतो!

कोशिंबीर: झालं, आता विमानं उडणार. त्याच श्लोकात दहाव्या दिवशी बोर होतं, तेही घ्या.

जुनी वही: विमानं नाहीत हो, शब्द बघा. तिथेच पुढे 'पेशी' येते, मांसाचा गोळा या अर्थाने. आपण तिला सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन बसवली.

अनुवादवाली: 'बुडबुडा' घेतला, छान आहे. पण विकर की वितंचक? उद्या अकराला मजकूर द्यायचाय.

वऱ्हाडी: मधेच विचारतो, पेशीचं अनेकवचन काय? आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. काकांच्या शेताच्या केसमध्ये चाळीसेक पेश्या झाल्या.

ताकपिठं: पेशीच. पेश्या फक्त कोर्टात.

जुनी वही: असं कसं? नदीचं नद्या होतं ना?