फोटो हलवले, जागा काही सुटेना

नौपाडा, ठाणे
माझा मॅकबुक २०१५ चा, डिस्क २५६ जीबीची. गेल्या आठवड्यात डिस्क भरत आल्याची तक्रार त्याने पुन्हा सुरू केली. पिक्चर्स फोल्डर उघडलं तर दोन थोराड लायब्रऱ्या शेजारीशेजारी बसलेल्या. ॲपलच्या फोटोज ॲपची ७१ जीबी आणि त्याआधीच्या आयफोटो ॲपची जुनी ६८ जीबी. ॲपलने २०१५ मध्ये आयफोटोच्या जागी फोटोज आणलं तेव्हा मी निमूटपणे सगळं तिकडे हलवलं आणि जुनी लायब्ररी 'असू दे, लागली तर' म्हणून ठेवून दिली. लागली कधीच नाही. मॅकच्या कॅटालिना आवृत्तीपासून आयफोटो उघडतही नाही. म्हटलं, चला, ६८ जीबी फुकटात सुटले. ट्रॅशमध्ये टाकली, ट्रॅश रिकामा केला. जागा वाढली ३ जीबी.

दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं. हलवताना फोटोजने प्रतींची दुसरी थप्पी लावलीच नव्हती, हार्ड लिंक केल्या होत्या. म्हणजे फोटो डिस्कवर एकदाच, नावं दोन. आमच्या चाळीत एका खोलीला दोन पाट्या होत्या, एक आजोबांच्या नावाची आणि एक काकांच्या शिकवणीची. शिकवणीची पाटी उतरवली म्हणून काही खोली रिकामी झाली नाही. फाइंडर (मॅकवर फायली-फोल्डर दाखवतो तो) मात्र दोन्ही पाट्यांखाली पूर्ण खोलीचं क्षेत्रफळ लिहितो. सुटलेले ३ जीबी म्हणजे जुन्या लायब्ररीचे स्वतःचे थंबनेल वगैरे.

खरी गंमत पुढे. मागे एकदा बॅकअप म्हणून दोन्ही लायब्रऱ्या बाहेरच्या डिस्कवर टाकल्या होत्या. हार्ड लिंक एका डिस्कवरून दुसरीवर जात नाही, त्यामुळे तिथे खरोखरच दोनदा जागा गेली होती. जिथे काही सुटणार नव्हतं तिथे मी दोन रात्री खपलो आणि जिथे ६८ जीबी सुटणार होते ती डिस्क कपाटात पडून.

तुमचं काय झालं ते लिहा. सल्ले चालतील, पण आधी घडलेलं सांगा.

कोपरखैरणे
मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे जरा लांबण लागेल. माझं गूगलचं खातं भरलं आणि मेल यायचे बंद झाले. फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी, हे मला तेव्हा कळलं. मग रोज दुपारी चहा घेऊन बसायचे आणि जुने फोटो काढून टाकायचे. २०१७ ची अष्टविनायक, २०१८ चं कोकण, सगळे तिरके, हललेले. आठवडाभरात हजारेक गेले असतील. आकडा जिथल्या तिथे!

ऐरोलीची लेक आली तेव्हा उलगडा झाला. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'मध्ये चढवलेले फोटो त्या १५ जीबीत धरतच नाहीत. मी नेमके तेच वेचून काढत होते, ज्यांचं भाडं लागतच नव्हतं. जागा खाल्ली होती त्यानंतरच्या व्हिडिओंनी. नातवाच्या स्नेहसंमेलनाचा अख्खा कार्यक्रम मी हातात फोन धरून घेतलेला, दोनदा.

आणखी एक घोळ. फोन रिकामा करायचा म्हणून मी गूगल फोटोजमधूनच फोटो काढत होते. तिथून काढलं की गूगलच्या खात्यात चढलेलंही जातं. फोनपुरतं काढायचं तर त्यातच 'फ्री अप स्पेस' आहे, चढलेले फोटो तेवढे फोनवरून जातात. लेक म्हणाली, "आई, आता कशालाही हात लावू नकोस." ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात म्हणून अष्टविनायक परत आला. तिरके फोटो का होईना, यजमान आहेत त्यांत.

घणसोली
थोडक्यात लिहितो. ९० जीबी उडवले, ट्रॅश रिकामा केला, सुटलेली जागा शून्य. टाइम मशीन (मॅकचा बॅकअप) चालू असेल तर मॅक स्वतःच्या डिस्कवरही स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डिस्कची स्थिती, ठेवतो आणि उडवलेलं त्यात अडकून राहतं. दुसऱ्या दिवशी आपोआप सुटलं. घाई असेल तर डिस्क युटिलिटीत एपीएफएस स्नॅपशॉट दिसतात, तिथून काढता येतात. फोटोजमधून उडवलेले आधी तिथल्याच 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस बसतात, ते वेगळंच.

नेरूळ
माझा गुन्हेगार फ्लेमिंगो. हंगामात इथल्या टी. एस. चाणक्य या संस्थेच्या मागच्या पाणथळीवर एका सकाळी दीड हजार फ्रेम होतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) २५ एमबीची धरली तरी ३७ जीबी. (दीड हजारांत ठेवण्यासारख्या अकरा. बायकोला सांगू नका.)

लॅपटॉप भरला म्हणून फोल्डर फाइंडरमधूनच ओढून बाहेरच्या डिस्कवर टाकले. लाइटरूम (फोटो लावायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) उघडलं तर सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हं. त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, फक्त पत्ते असतात. बिऱ्हाड आपण हलवलं आणि पोस्टमनला सांगितलं नाही. एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' करत बसलो. लाइटरूमच्या आतूनच हलवले असते तर हे टळलं असतं.

एवढं करूनही ४० जीबी कुठे दिसेनात. ते निघाले कॅटलॉगशेजारच्या प्रीव्ह्यूजच्या फाइलमध्ये. लाइटरूम बंद करून ती उडवली. मूळ फोटो हाताशी असतील तर ती पुन्हा तयार होते, पहिल्या दिवशी रखडतं इतकंच.

कळवा
माझं वाचून कुणाचं तरी वाचेल म्हणून लिहितोय. मुलीच्या बारशाचे फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेत होतो. एका फाइलला 'टू लार्ज' म्हणाला, मी 'स्किप' केलं. बाकी सगळं गेलेलं दिसलं. लॅपटॉपचा फोल्डर उडवला, रिसायकल बिनही रिकामा केला. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा, त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. स्किप केली ती आत्या नाव ठेवते त्याचीच होती.

जांभळी नाका, ठाणे
अरेरे. आमच्या स्टुडिओत लिहूनच ठेवलंय, आधी दोन्हीकडच्या फायली मोजायच्या, मग हात लावायचा. पिकासा हे गूगलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर वापरलेल्यांनी आणखी एक बघावं. २०१६ ला ते बंद झालं, पण दुरुस्त केलेल्या फोटोची मूळ प्रत ते एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. 'पिकासाओरिजिनल्स', नावाआधी टिंब. हिडन फायली दिसू द्या आणि शोधा. पण लगेच उडवू नका! आमच्या एका गिऱ्हाइकाने पूर्ण अल्बम काळापांढरा करून ठेवला होता, रंगीत फक्त तिथेच उरले होते.

खारघर
माझ्या मॅकवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' (मूळ फोटो आयक्लाउडवर, मॅकवर छोटे नमुने) चालू होतं हे विसरून मी लायब्ररी बाहेरच्या एसएसडीवर कॉपी केली आणि आयक्लाउडचा प्लॅन कमी करायला निघालो. काकांच्या टीव्हीवर बाबांचा फोटो लावला तर नाक-डोळे पुसट. एसएसडीवर बरेचसे नमुनेच आलेले, मूळ फोटो अजून क्लाउडवर. प्लॅन तसाच ठेवला. ऑप्शन की दाबून फोटोज उघडलं, एसएसडीवरची लायब्ररी निवडली, तीच सिस्टिम लायब्ररी केली आणि 'डाउनलोड ओरिजिनल्स' लावलं. तीन रात्री चाललं, त्यात एक रात्र पावसाने वीज घालवली. काकांचा रोज सकाळी फोन, "आला का रे दादा?"

वाशी
धागाकर्ते, मग त्या कपाटातल्या डिस्कवरची जुनी लायब्ररी उडवलीत की नाही?

नौपाडा, ठाणे
कळव्याचं वाचून आधी दोन दिवस फोटो मोजले. आयफोटो उघडत नाही, म्हणून जुन्या लायब्ररीवर 'शो पॅकेज कंटेंट्स' करून मास्टर्स फोल्डर पाहिला. फोटोजमध्ये नसलेले चौदा निघाले. सगळे २००९ चे, गावदेवीच्या भाजीबाजाराचे, नवा कॅमेरा तपासायला काढलेले. दुधी, पडवळ, परत दुधी. ते फोटोजमध्ये घेतले आणि काल रात्री उडवली. ६८ जीबी पूर्ण सुटले. मॅकवर मात्र अजूनही १९च मोकळे आहेत.