‘ऑफसेट’ला मराठीत काय म्हणावं?

जुनी_गाडी: मी स्टुटगार्टजवळ राहतो, गाडी पोर्शे ९४४ टर्बो, १९८६ची. मागच्या जोडीसाठी रिम शोधतोय. एकाने जाहिरात टाकली आहे, ‘९४४चीच ओरिजिनल, ८ जे × १६’. ऑफसेट विचारून घे, असं सगळे सांगतात. ऑफसेट म्हटलं की मला लग्नपत्रिकांचा छापखाना आठवतो. याला मराठी शब्द आहे का? आणि आकडा मोठा म्हणजे चाक जास्त बाहेर, बरोबर ना?

पाना_दहाअकरा: नेमकं उलटं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक उभी रेघ आहे असं समजा. रिमचा जो सपाट भाग हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर, टेकतो ती बैठक. मधल्या रेघेपासून ती जितके मिलिमीटर बाहेरच्या अंगाला, तितका ऑफसेट. बैठक हबला धरून असते, ती जागची हलत नाही. म्हणून आकडा वाढला की बाकीचं सगळं चाक आत जातं.
रिमवर ‘ईटी’ असं कोरलेलं असतं, ते जर्मन ‘आइनप्रेसटीफं’चं लघुरूप. टीफं म्हणजे खोली. ‘जे’ हा रिमच्या काठाचा आकार, त्याची काळजी नको.
तुमच्या गाडीत मात्र खरी गोम आहे. १९८६पर्यंतच्या टर्बोच्या ८ इंची रिमचा ईटी २३.३. १९८७च्या मॉडेलपासून ठेवण बदलली आणि तो ५२.३ झाला. दोन्हींना चाक धरणारे पाचच स्टड, त्यांचं वर्तुळ १३० मिमीचंच, त्यामुळे नवी रिम जुन्या हबवर गुमान चढते. आणि चाक २९ मिमी आत! मधे स्पेसर (जाड चकती) आणि लांब स्टड घालून भागवतात लोक, मला ते आवडत नाही.

शब्दवेडा: ‘विस्थापन’ कसं वाटतं?

पाना_दहाअकरा: धरणग्रस्तांसारखं.

शब्दवेडा: मग जर्मनवरून थेट ‘बैठकखोली’?

जुनी_गाडी: सोफा कुठे ठेवू तेही सांगा 😀

शब्दवेडा: बरं, हरलो. पण बैलगाडीच्या चाकाला आपल्याकडे तुंबा, आरे, पाटे, धाव असा एकेका भागाला शब्द होता, म्हणून वाईट वाटतं.

पाना_दहाअकरा: ‘बैठक’ आहे ना, तेवढी ठेवा. ऑफसेटला ऑफसेटच म्हणा, फक्त पुढे क्रियापद लावा: ‘२९ने आत जातं’, ‘१०ने बाहेर येतं’. गॅरेजात कोणी ‘पॉझिटिव्ह ऑफसेट वाढला’ म्हणत नाही, ‘आत घासतंय’ म्हणतात. आणि रुंदीही धरा. ऑफसेट तोच ठेवून रिम एक इंचाने रुंद घेतली तर दोन्ही अंगांना पावणेतेरा मिमी वाढतात, म्हणजे आतही तेवढीच जागा लागणार. घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागवा.

जुनी_गाडी: आला फोटो. आऱ्याच्या मागे ५२.३ कोरलंय. राहिलं.