मदत हवी आहे : हंटर विमानाच्या इजेक्शन सीटचे जतन

नमस्कार. 1957 मध्ये भारतीय हवाई दलात आलेल्या आणि आता सेवेतून निवृत्त झालेल्या हॉकर हंटर या लढाऊ विमानाची, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी एक मार्टिन-बेकर कंपनीची सीट आमच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी मिळाली आहे. सीट फेकणाऱ्या नळीतील आणि ड्रोग गनमधील (सीट स्थिर करणारी छोटी हवाई छत्री बाहेर ओढणाऱ्या यंत्रणेतील) काडतुसे काढून टाकल्याचे लेखी प्रमाणपत्र सोबत आले असून, ते हाती येईपर्यंत आम्ही एकाही खटक्याला हात लावला नव्हता.

अडचण गंजाची आहे. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात जिथे पोलादी बोल्ट बसले आहेत, तिथे पांढरी भुकटी धरली आहे आणि तिच्या शेजारीच मूळ स्टेन्सिलची अक्षरे आहेत. पोलादी ब्रशचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून गंज वाढवतात, म्हणून तो वापरायचा नाही. पण अक्षरे न पुसता ही भुकटी कशाने काढावी?

दुसरा प्रश्न डोक्यावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मुठीचा. ती ओढली की सीट सुटे आणि कापडी पडदा वैमानिकाच्या चेहऱ्यावर येऊन वाऱ्याच्या झोतापासून त्याचे रक्षण करी. तो पडदा घड्यांवर विरला आहे. नवीन शिवून घेण्यापेक्षा जुनाच मागून अस्तर लावून टिकवावा, असे मला मनापासून वाटते. असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.