जुनी कॅम्पर घ्यायचीय: टी२ की टी३?

मुक्कामवाट:
दोन वर्षं पैसे साठवून झाले, आता जुनी फोक्सवॅगन कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली व्हॅन, घ्यायचीच आहे. टी१, टी२, टी३ या तिच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. माझं मत टी२वर येऊन थांबलंय, तेही ऑगस्ट १९७० नंतरच्या, कारण तेव्हापासून पुढे डिस्क ब्रेक आले. त्याआधीची, दुभंगलेल्या काचेची टी१ (१९५० ते १९६७) दिसायला सगळ्यांत देखणी. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टची वायरिंग. त्या गाडीत रात्री घाट उतरायची माझी तयारी नाही.

टी२चं १६०० सीसीचं इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, तेल जेमतेम अडीच लिटर. मैत्रिणीच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे वॉल्व्हजवळची बारीक फट, मी स्वतः सेट केलेत. थंड इंजिन, फट मोजायचा ०.१५ मिमीचा पातीचा गेज, अन् ती पाती वॉल्व्ह आणि त्यावरच्या स्क्रूच्या मधून किंचित ओढ घेत सरकली की झालं. रस्त्यात अडकलो तर हे माझ्या हातचं आहे. टी३ (१९७९पासून पुढची) घ्या म्हणणाऱ्यांनी ठोस कारणं द्यावीत.

पाना_पक्कड:
ताई, देतो. भरल्या कॅम्परमध्ये फर्निचर, पाण्याची टाकी, सामान आणि माणसं. एवढं सगळं ओढायला तुमच्याकडे ५० अश्वशक्ती. समोरून वारा आला की चौथ्या गिअरचा तिसरा करावा लागतो. माझ्या टी३मध्ये २.१ लिटरचं पाण्यावर थंड होणारं इंजिन आहे, ११२ अश्वशक्तीचं. चढावर मागच्यांचा खोळंबा होत नाही. आत ऐसपैस जागा, पुढे-मागे कॉइल स्प्रिंग, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास समसमान.

आणि सुरक्षितता? टी२मध्ये पेट्रोलची टाकी इंजिनाला लागून. रबरी पाइप कडक होऊन चिरला की पेट्रोल थेट गरम इंजिनावर, आणि त्या इंजिनाच्या क्रॅंककेसमध्ये, म्हणजे मुख्य खोक्यात, मॅग्नेशियम आहे. एकदा पेटलं की विझवणं महाकठीण. टी३मध्ये टाकी पुढे, केबिनखाली नेली.

सावकाशगडी:
टी३चं इतकं कौतुक ऐकून मी एक १.९ लिटरची टी३ घेतली होती, म्हणून लिहितोय. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी साधं पाणी घातलेलं. वर्षभरात हेडच्या (इंजिनाच्या सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कडेने थेंब गळायला लागले. हेड उतरवलं तर रबरी सील बसते त्या कडेवर पांढरी भुकटी, आणि ती खरवडल्यावर नख आत जाईल एवढे खड्डे. दोन्ही हेड गेले. नवे बसवल्यावर हवा काढायला गाडीचं नाक वर उचलायचं, पुढच्या जाळीमागचा रेडिएटरचा स्क्रू सैल करायचा, पाण्याची धार अखंड येईपर्यंत थांबायचं. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीभर लांबीचे पाइप. त्यातला एखादा गंजला की पुन्हा पहिल्यापासून. आता टी२ आहे, ८०ने चालवतो, पोचतो.

पाना_पक्कड:
तो दोष साध्या पाण्याचा आहे, गाडीचा नाही. योग्य कूलंट वेळच्या वेळी बदललं असेल तर ही इंजिनं टिकतात. टी२चे टॅपेट दर ५,००० किमीला तपासावे लागतात, आणि ते न तपासणारे मालकही कमी नाहीत.

सावकाशगडी:
मान्य. पण वापरलेली गाडी घेताना आधीच्या मालकाचा आळसही आपण विकत घेतो. टी२मध्ये तो आळस मला अंगणात निस्तरता येतो.

जुनाट_चाक:
सरळ टी४ घ्या. १९९०पासून इंजिन पुढे, डिझेल मिळतं, रोज वापरता येते.

मुक्कामवाट:
टी४ चांगलीच आहे, पण मला इंजिन मागेच हवंय. पेट्रोलच्या पाइपांचा मुद्दा मात्र मनाला लागला. गाडी घेतली की पहिल्याच दिवशी सगळे बदलणार.

पत्रा_आधी:
पिढीवरून वाद चाललाय, पण मी तिन्ही पिढ्यांच्या गाड्यांचा सडलेला पत्रा कापलाय. इंजिन बदलता येतं, सडलेल्या पत्र्यात मात्र पैसे बुडतात. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक न्या. टी२मध्ये पुढच्या काचेचे खालचे कोपरे, चाकांच्या कमानी, सरकत्या दाराखालची पट्टी आणि इंजिनाच्या कप्प्यातला बॅटरीखालचा पत्रा बघा. चुंबक चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलेली आहे. टी३मध्ये बाजूच्या उभ्या-आडव्या सांध्यांवर नजर ठेवा. तिथे रंगाखाली तपकिरी रेघ दिसली तर आतून गंज बाहेर येतोय. सडकी टी२ आणि निरोगी टी३ यांत मी डोळे मिटून टी३ घेईन. उलट असेल तर टी२.

मुक्कामवाट:
रविवारी एक बघायला जातेय. १९७३ची टी२, १६०० इंजिन, वर उघडणारं छप्पर. चुंबक पिशवीत टाकलंय.

पाना_पक्कड:
माझं मत टी३लाच. पण जाताय तर एक कराच. इंजिन बंद असताना मागची क्रॅंकची पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं पट्ट्याचं चाक, दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला. फिरवायची नाही, नुसती ढकलायची. जाणवेल न जाणवेल एवढीच हालली तर ठीक. खट् असा आवाज आला तर इंजिन उघडावं लागणार, त्या हिशेबानेच बोलणी करा. आणि गाडी थंड असतानाच सुरू करून बघा.

मुक्कामवाट:
आत्ताच मालकांना फोन केला, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका म्हणून. का, असं त्यांनी दोनदा विचारलं. खरं कारण सांगितलं, तयार झालेत.