मदत हवी आहे: १९८५च्या व्हिंटेज पोर्टचं बूच कसं काढावं?

म्हापशात घरीच उघडायची आहे. आपल्याकडची गोडमिट्ट ‘पोर्ट वाईन’ नव्हे, पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली. बाटली दोन दिवस उभी आहे, गाळ तळाशी बसलाय. अडचण बुचाची.

पोर्टच्या बाटलीची मान बहुधा मध्ये किंचित फुगीर असते. बूच तिथे फुगतं आणि ओढताना अरुंद तोंडाशी अडकून तुटतं. त्यात इतकं जुनं बूच भुसभुशीत. साधा स्क्रू नुसता भुगा घेऊन वर येतो. दोन पात्यांचा ओपनर कडेने घालावा, तर सैल बूच आत जायची भीती. आधी स्क्रू रोवून मग त्यावरून पाती घालणं कोणी केलंय का?

दुसरा मार्ग, मान गोल पकडणारा लोखंडी चिमटा लालबुंद तापवून बुचाखाली मानेवर मिनिटभर धरायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यातलं फडकं लावायचं, म्हणजे काच सरळ तडकते आणि मान बुचासकट सुटते. पण घरच्या गॅसवर चिमटा तेवढा तापतो का?

गाळायला बिनसाबणाने धुतलेली मलमल घेणार आहे. कॉफीचा कागद नको, त्याचा वास उतरतो. मेच्या उकाड्यात खोली ३२ अंशांवर. १७-१८ला आणायला फ्रीजमध्ये किती वेळ ठेवू, आणि गाळण्याआधी की नंतर?