फुफ्फुस-मार्गावरील अकरा बिंदू: मार्ग कोठून सुरू होतो आणि माप कसे घ्यावे?

प्रश्न: अभ्यासगट_नाशिक

नमस्कार. माझे शिक्षण आयुर्वेदाचे असून गेले वर्षभर आम्ही पाच-सहा जण मिळून चिनी वैद्यकातील मार्गांचा, म्हणजे ‘ची’ ही जीवनशक्ती ज्यांतून वाहते असे मानतात त्या वाटांचा, अभ्यास करीत आहोत. पहिला मार्ग म्हणून फुफ्फुस-मार्गाचे, म्हणजे हस्त-ताययिनचे, मराठी भित्तिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. झोंगफू, युनमेन, त्येनफू, श्याबाय, चिझ, कोंगत्सुई, लिएच्वे, जिंगच्यू, ताययुआन, युजी आणि शाओशांग हे अकरा बिंदू त्यावर दाखवायचे आहेत. हे काम करताना तीन ठिकाणी मी अडले आहे.

पहिली अडचण आरंभाची आहे. आमच्याकडील एका तक्त्यात मार्ग छातीवरील झोंगफूपासून सुरू होतो, दुसऱ्यात तो पोटातून निघालेला दाखवला आहे, आणि पंच-शू नावाच्या पाच बिंदूंची गणना मात्र अंगठ्याकडून कोपराकडे केलेली आढळते. एकाच मार्गाला तीन आरंभ कसे असतील?

दुसरी अडचण मापाची. एका मराठी टिपणात लिएच्वे हा बिंदू मनगटाच्या रेघेपासून दीड अंगुळ वर आहे असे लिहिले आहे, परंतु आमच्या शिक्षकांनी माझ्या हातावर दाखवलेली जागा त्याहून स्पष्टपणे वर होती. तिसरी अडचण अशी की ताययुआन हा सर्व रक्तवाहिन्यांचा अधिपती-बिंदू मानला जातो, तर तो हृदयाच्या मार्गावर नसून फुफ्फुसाच्या मार्गावर का आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: जुनी_पोथी

आपल्या तिन्ही आरंभांपैकी एकही चुकीचा नाही. ते वेगवेगळ्या काळांतील समजुतींचे अवशेष आहेत आणि आज एकाच कागदावर येऊन बसले आहेत.

चीनमधील चांगशा शहराजवळील मावांगत्वे येथील एका थडग्याचे उत्खनन १९७३ मध्ये झाले. ते थडगे इसवी सन पूर्व १६८ मध्ये बंद केलेले होते आणि त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय लेख सापडले. त्यांत आज मानल्या जाणाऱ्या बारा नव्हे, तर अकरा मार्गांचे वर्णन आहे. त्यांपैकी एका लेखात हातावरील ताययिन मार्ग हाताकडून वर चढतो, काखेच्या आतल्या कडेने जातो आणि हृदयाशी पोहोचतो. फुफ्फुसाशी त्याचा संबंध तेथे जोडलेलाच नाही, आणि ज्यांना नाव आहे असे बिंदूही त्या लेखात नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण बिंदू आधी सापडले आणि ते रेघेने जोडून मार्ग तयार झाला, हा सर्वत्र ऐकू येणारा खुलासा या पुराव्यापुढे टिकणे कठीण आहे.

त्यानंतरच्या ‘लिंगशू’ या चिनी वैद्यकग्रंथाच्या दहाव्या अध्यायात दिशा उलटलेली दिसते. तेथे मार्ग मध्य-ज्याओमध्ये, म्हणजे जठराच्या परिसरात उगम पावतो, खाली उतरून मोठ्या आतड्याला जोडला जातो, परत फिरून जठराच्या मुखाजवळून वर येतो, श्वासपटल ओलांडून फुफ्फुसात शिरतो आणि कंठाकडून आडवा होऊन काखेखाली बाहेर पडतो. पुढे तो दंडाच्या आतल्या बाजूने, कोपर आणि मनगट पार करून अंगठ्याच्या टोकाशी संपतो. अन्नापासून निर्माण झालेली ची प्रथम फुफ्फुसाकडे येते आणि तेथून बारा मार्गांत फिरते, या कल्पनेशी हा आरंभ सुसंगत आहे. म्हणून पोटातील भाग हा अंतर्गत प्रवास आहे, त्यावर टोचण्याजोगा बिंदू नाही, आणि झोंगफू हा मार्ग त्वचेजवळ येतो तेथील पहिला बिंदू आहे.

पंच-शू बिंदूंची गणना त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि ती जुन्या दिशेने, म्हणजे बोटाकडून वर जाते: शाओशांग हा झरा फुटण्याची जागा, युजी हा लहान ओढा, ताययुआन हा वाढता प्रवाह, जिंगच्यू ही नदी आणि चिझ हा सागराला मिळणारा संगम. पाणी उगमाकडून रुंदावत जाते, हे चित्र त्यामागे आहे. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या चिनी वैद्यकलेखकाने बिंदूंची जी मोठी मांडणी केली, तिच्यातही हाताच्या ताययिनवर दोन्ही बाजू मिळून अठरा, म्हणजे एका हातावर नऊच बिंदू येतात, आणि झोंगफू व युनमेन हे दोन छातीच्या यादीत ठेवलेले आहेत. अकरांची सलग ओळ ही नंतरची रचना आहे.

आपल्या तक्त्यावर माझ्या मते मार्गाची दिशा बाणाने दाखवावी, आणि पंच-शू बिंदूंना वेगळा रंग देऊन त्यांचा क्रम स्वतंत्रपणे लिहावा. एकाच बाणाने दोन्ही गोष्टी सांगण्याचा प्रयत्न केला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ कायम राहील.

प्रतिसाद २: सुई_आणि_मोक्सा

मी ॲक्युपंक्चरचा व्यवसाय करतो, त्यामुळे मापाच्या प्रश्नाविषयी लिहितो. आपल्या टिपणातील चूक भाषांतराची आहे आणि ती मराठीत वारंवार होते. मूळ शब्द ‘त्सुन’ आहे. आपल्याकडे तो ‘चुन’ असाही लिहिला जातो. त्याचे भाषांतर ‘अंगुळ’ असे केले की वाचणारा एका बोटाची रुंदी धरतो, विशेषतः तो आयुर्वेदाचा असेल तर. प्रत्यक्षात रुग्णाच्या अंगठ्याची सांध्यापाशी जी रुंदी, तो एक त्सुन. तर्जनी आणि मधले बोट जोडून दीड त्सुन. आणि चार बोटे जोडून तीन त्सुन. दीड त्सुन म्हणजे दोन बोटे, दीड बोट नव्हे.

यापेक्षा विश्वासार्ह पद्धत प्रमाणाची आहे. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या रेघेपर्यंतचे अंतर कोणाचेही असो, ते बारा त्सुन मानायचे आणि त्याचे समान बारा भाग करायचे. समजा हे अंतर २४ सेंटिमीटर आहे. मग एक त्सुन २ सेंटिमीटरचा झाला, लिएच्वे ३ सेंटिमीटरवर आला आणि कोंगत्सुई, जो सात त्सुनांवर आहे, १४ सेंटिमीटरवर आला. त्याच हातावर बोटाची रुंदी दीड सेंटिमीटर धरून सात अंगुळे मोजली, तर आपण साडेदहा सेंटिमीटरवर थांबतो. साडेतीन सेंटिमीटरची चूक म्हणजे बिंदू पूर्णपणे हुकला.

दंडाचे माप निराळे आहे. काखेच्या पुढच्या घडीपासून कोपरापर्यंत नऊ त्सुन धरतात. त्येनफू त्या घडीच्या खाली तीन त्सुनांवर आणि श्याबाय चार त्सुनांवर येतो. छातीवर दोन स्तनाग्रांमधील अंतर आठ त्सुन मानले जाते, त्यामुळे मध्यरेषेपासून सहा त्सुनांवरचा झोंगफू स्तनाग्राच्या रेषेच्याही दोन त्सुन बाहेर पडतो. अनेक छापील तक्त्यांत तो फार आत काढलेला मी पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम पॅसिफिक विभागाने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागांचे जे प्रमाणीकरण प्रकाशित केले, ते हाताशी ठेवावे.

लिएच्वेसाठी एक जुनी खूणही आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी यांमधले बेचके एकमेकांत अडकवावे आणि वरच्या हाताची तर्जनी दुसऱ्या मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर सरळ ठेवावी. तिचे टोक ज्या लहानशा खळग्यात टेकते, तेथे लिएच्वे असतो. मोजून आलेली जागा आणि ही खूण जुळली, तर निःशंक राहावे. याच बिंदूपासून एक शाखा तर्जनीच्या टोकाकडे जाऊन मोठ्या आतड्याच्या मार्गाला मिळते; ती तक्त्यात दाखवायला विसरू नये. पहाटे ३ ते ५ फुफ्फुसाची वेळ आणि ५ ते ७ मोठ्या आतड्याची, हा क्रम याच शाखेतून पुढे सरकतो.

अभ्यासगट_नाशिक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी गटातील पाच जणांच्या हातांवर बारा भाग करून मोजले आणि प्रत्येकाच्या बाबतीत लिएच्वेची जागा त्या खुणेशी जुळली. ‘अंगुळ’ हा शब्द मी तक्त्यातून काढून टाकत आहे. ताययुआनविषयीचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद ३: नाडीपरीक्षक_वैद्य

ताययुआन मनगटाच्या रेघेवर, अंगठ्याच्या बाजूला, जेथे धमनीचे स्पंदन लागते तिच्या कडेला आहे, आणि उत्तर त्या स्पंदनातच दडलेले आहे. ‘नानजिंग’ या जुन्या चिनी वैद्यकग्रंथाचा पहिलाच प्रश्न असा आहे की बाराही मार्गांना स्पंदन असताना केवळ मनगटावरच्या जागेवरून परीक्षा का करावी? उत्तर असे दिले आहे की ती जागा सर्व वाहिन्यांचा महासंगम आहे आणि ते हस्त-ताययिनचे स्पंदन आहे. एका उच्छ्वासात प्रवाह तीन त्सुन चालतो, एका श्वासात तीन. दिवस-रात्रीत १३,५०० श्वास होतात, तेवढ्यात प्रवाह शरीराभोवती पन्नास फेऱ्या करतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. म्हणजे रक्तवाहिन्यांना चालवणारी गती येथे हृदयाच्या ठोक्याची नसून श्वासाची मानली आहे, आणि म्हणून वाहिन्यांचा अधिपती फुफ्फुसाच्या मार्गावर बसतो. आपल्या योगपरंपरेत दिवसाचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. आकडे जुळत नाहीत, परंतु श्वास मोजून शरीराचा काळ बांधण्याची ओढ दोन्हीकडे आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

मात्र आपल्या नाडीपरीक्षेशी याची सांगड घालताना सावध राहावे. तीन बोटे आणि जागा सारखीच दिसते, पण आपण तर्जनीखाली वात, मधल्या बोटाखाली पित्त आणि अनामिकेखाली कफ पाहतो, तर त्यांच्याकडे तिन्ही जागांवर निरनिराळे अवयव वाचले जातात: उजव्या मनगटावर तर्जनीखाली फुफ्फुस, डाव्यावर त्याच जागी हृदय. शिवाय चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेचे असे विवेचन नाही. ते आपल्याला शार्ङ्गधरापासून मिळते. दोन्हींना एकच म्हणणारे वाक्य तक्त्यावर नसावे, अशी माझी विनंती आहे.

प्रतिसाद ४: छातीरोग_डॉक्टर

तक्ता भिंतीवर लागणार असेल, तर दोन गोष्टी ठळक अक्षरांत लिहाव्यात, असे मी कळकळीने सुचवतो. झोंगफू आणि युनमेन यांच्या खाली बरगड्यांमधून थेट फुफ्फुसाचे आवरण आहे. तेथे सुई खोल किंवा मध्यरेषेच्या दिशेने गेली, तर आवरणात हवा शिरून न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो, आणि रुग्णाला धाप व छातीत दुखणे काही तासांनी, घरी गेल्यावरही सुरू होऊ शकते. कृश व्यक्तीत आणि ज्यांची फुफ्फुसे फुगलेली आहेत अशा जुन्या दमेकऱ्यांत हा धोका अधिक असतो. नेमके हेच रुग्ण या बिंदूंसाठी येतात. जिंगच्यू आणि ताययुआन येथे धमनी अगदी लगत आहे.

दुसरी गोष्ट उपयोगाची. कोंगत्सुई तीव्र खोकल्यासाठी, चिझ कफासाठी आणि शाओशांग घसा दुखण्यासाठी, हे परंपरेचे सांगणे आहे आणि ते तसेच नोंदवावे. दम्याच्या बाबतीत कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या पुनरावलोकनात ॲक्युपंक्चरची शिफारस करता येईल इतका पुरावा मिळालेला नाही. तक्ता पाहून कोणी इनहेलर बंद केला, तर त्याचे परिणाम मला रात्री दोन वाजता पाहावे लागतात.

अभ्यासगट_नाशिक

आपल्या सर्वांच्या सूचनांप्रमाणे तक्ता नव्याने काढला आहे. पोटापासून काखेपर्यंतचा अंतर्गत प्रवास तुटक रेघेने, त्वचेजवळचा मार्ग सलग रेघेने आणि लिएच्वेपासूनची शाखा बारीक रेघेने दाखवली आहे. पाच शू-बिंदू निळ्या रंगात, शाओशांगपासून चिझपर्यंत वेगळ्या क्रमाने आहेत. समासात ठरावीक लांबीची मोजपट्टी छापण्याऐवजी हाताच्या आकृतीवरच बारा भाग आखले आहेत, म्हणजे पाहणारा स्वतःच्या हातावर मोजेल. झोंगफू आणि युनमेन लाल चौकटीत ठेवले असून त्याखाली ‘येथे केवळ प्रशिक्षित व्यक्तीनेच सुई वापरावी, दम्याचे चालू औषध थांबवू नये’ असे लिहिले आहे.