घरात मुलांशी साधे, रोजचे इंग्रजी कसे बोलावे?

कृष्णाकाठ :
माझी मुलगी कराडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. मी स्वतः मराठी माध्यमातून शिकले आणि आमच्या वेळी इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांमध्ये ती पहिलीपासूनच होते. मुलीला पुस्तकातल्या इंग्रजी कविता तोंडपाठ आहेत, पण परवा घरी आलेल्या पाहुण्यांनी ‘आज काय जेवलीस?’ एवढेच इंग्रजीत विचारले, तेव्हा ती माझ्या पदराआड गेली. पुढे पाचवीत सेमी इंग्रजी घ्यायचे आमच्या मनात आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून येईल, आणि म्हणून गेल्या महिन्यापासून मी तिच्याशी ‘हँड वॉश कर, मग मिल्क पी आणि शूज जागेवर ठेव’ असे बोलू लागले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘हे ना धड मराठी, ना धड इंग्रजी. पोरीला दुधाला दूध तरी म्हणू दे.’ त्यांचे म्हणणे मला मनोमन पटले, पण मग काय करावे ते कळत नाही. माझ्या चुका तिच्या तोंडी बसतील का, आणि तिचे मराठी यात बिघडेल का, हीही काळजी आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाटीपेन्सिल :
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवत आहे, आणि तुमच्या सासूबाईंनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे असे मला वाटते. ‘हँड वॉश कर’ या वाक्यात दोन शब्द इंग्रजी असले, तरी त्याची घडण पूर्णपणे मराठी आहे, कारण क्रियापद शेवटी येते आणि तेही ‘कर’ हेच. आपल्या मुलांना इंग्रजी नामे अवघड जात नाहीत. टेबल, बस, पेन्सिल हे शब्द त्यांच्या बोलण्यात शाळेत येण्याआधीपासून असतात. अवघड जाते ती वाक्याची मांडणी. आपण ‘पाण्यात’ म्हणताना ‘त’ हा प्रत्यय शब्दाच्या मागे जोडतो, तर इंग्रजीत ‘इन द वॉटर’ म्हणजे तेच काम करणारा शब्द पुढे आणि सुटा येतो. आपण ‘दूध गरम आहे का?’ असे शेवटी ‘का’ लावून विचारतो, तर इंग्रजीत ‘इज द मिल्क हॉट?’ असे क्रियापदच पुढे न्यावे लागते. सुटे शब्द मराठी वाक्यात कितीही पेरले, तरी ही मांडणी मुलाच्या कानावर कधीच पडत नाही, आणि दूध, हात, चप्पल हे घरातले शब्द मात्र मागे पडतात.

म्हणून माझे सांगणे असे की, बोलायचे तेव्हा पूर्ण वाक्य इंग्रजीत बोलावे आणि एरवी पूर्ण वाक्य मराठीत. दिवसातली एकच वेळ ठरवावी, उदाहरणार्थ संध्याकाळी मुलगी खेळून येते ती. ‘टेक ऑफ युअर शूज.’ ‘वॉश युअर हँड्स.’ ‘टर्न ऑफ द टॅप.’ ‘आर यू हंग्री?’ ही चार वाक्ये रोज त्याच क्रमाने, ती ती कृती चालू असतानाच म्हणावीत. अर्थ मराठीत सांगण्याची गरज पडत नाही, कारण नळ समोर वाहत असतो. पंधरा दिवसांनी आणखी दोन वाक्ये घ्यावीत. वाक्ये बोलण्याआधी एकदा तपासून घ्यावीत, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. मराठीत दारही ‘बंद कर’ आणि नळही ‘बंद कर’, त्यामुळे आपल्या तोंडी सहज ‘क्लोज द टॅप’ किंवा ‘क्लोज द लाइट’ येते. इंग्रजीत ‘क्लोज’ दाराला चालते, नळाला आणि दिव्याला ‘टर्न ऑफ’ लागते. ‘आज सकाळी’चे ‘टुडे मॉर्निंग’ होते, तिथे ‘धिस मॉर्निंग’ हवे. दहा वाक्ये नीट तपासून घेतलीत, तर चुका बसण्याची भीती उरत नाही.

दूरगाव :
आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि आमची अडचण तुमच्या उलट आहे, कारण इथे इंग्रजी शाळेतून आणि रस्त्यावरून आपोआप येते आणि मराठी मात्र घरातच टिकवावी लागते. मुलांच्या मराठीची पडझड आम्ही पाहिली ती अशीच झाली: आधी नामे गेली, मग ‘मी ड्रॉ करतो’, ‘मी जंप केली’ अशी क्रियापदे गेली. एका गोष्टीचे मला आजही वाईट वाटते. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना आमच्या मुलाच्या तोंडी ‘आंटी’ हा एकच शब्द राहिला आणि आईची बहीण कोण, वडिलांची बहीण कोण, हे त्याला समजावून सांगावे लागले. तुम्ही इंग्रजीतून बोलताना नात्याचे शब्द कृपया बदलू नका. ‘आत्या इज हिअर’ हे वाक्य अगदी व्यवस्थित आहे.

आई-वडिलांपैकी प्रत्येकाने आपली एकच भाषा बोलावी, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. फ्रेंच अभ्यासक ज्यूल राँजा यांनी आपल्या मुलाला त्याच पद्धतीने फ्रेंच आणि जर्मन शिकवले आणि १९१३ साली त्याविषयी लिहिले. पण त्या घरात आईची भाषाच जर्मन होती. तुमच्या घरात इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही, तेव्हा आईने मुलीशी दिवसभर परक्या भाषेत बोलणे मला योग्य वाटत नाही. पाटीपेन्सिल यांनी सुचवलेली ठरावीक वेळच बरी.

शब्दवेल्हाळ :
उच्चाराविषयी एक गोष्ट जोडतो. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या अक्षरांचे काम करतो, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्याकडून सारखेच उच्चारले जातात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. मी मुलाला आरशासमोर उभे करून हे दाखवले आणि त्याला ते माझ्यापेक्षा लवकर जमले.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस संध्याकाळची वाक्ये म्हणत आहे. मुलगी सगळे बरोबर करते, पण ‘आर यू हंग्री?’ला उत्तर मात्र ‘हो, खूप’ असे मराठीतच देते. तिला इंग्रजीत बोलायला सांगावे का?

पाटीपेन्सिल :
सांगू नका, ताई. तिने प्रश्न समजून नेमके उत्तर दिले, म्हणजे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचले आहे. मूल आधी बरेच दिवस नुसते ऐकते आणि मग बोलते. मराठीही ती तशीच शिकली. ती ‘हो, खूप’ म्हणाली की तुम्ही हसून ‘यस, यू आर व्हेरी हंग्री!’ असे म्हणा आणि ताट वाढा. पाहुण्यांसमोर मात्र तिला बोलून दाखवायला लावू नका. आणि सासूबाईंच्या रात्रीच्या गोष्टी असतील, तर त्या वेळेत इंग्रजी अजिबात आणू नका.